रंधा-पटाशी : फळी जुनी चालेल, झेंडा जुनाट नको

प्रश्न : मी पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मोबाइलवर अमेरिकेतल्या एका माणसाने जुन्या फळ्यांचा झेंडा केलेला पाहिला. आधी फळ्या रंगवल्या, मग गॅसच्या टॉर्चने कडा काळ्या केल्या, पॉलिश पेपरने जागोजागी रंग उडवला. झेंडा शंभर वर्षांचा दिसायला लागला! तसाच तिरंगा करून १५ ऑगस्टला सोसायटीच्या गेटवर लावायचा आहे, त्यावर खालच्या बाजूला सोसायटीचं नाव कोरून. अंबडच्या भंगारवाल्याकडून चार पॅलेट (कारखान्यात माल ठेवायचे लाकडी फळ्यांचे तळ) आणलेत, पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेत. रंध्याला कधी हात लावलेला नाही, ड्रिल मशीन आहे. कसं करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी पॅलेटवर बोलावं की झेंड्यावर, या विचारात माझे दोन चहा झाले. झेंड्यावर बोलतो. लाकूड चुकलं तर भंगारवाला आहेच.

तुम्ही पाहिलेला प्रकार तिकडचा. पडक्या गोठ्यांच्या, कुंपणांच्या फळ्या काढायच्या आणि त्यांचे झेंडे करायचे, ही त्यांची हौस आहे. करू देत. आपल्याकडे मात्र १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा आहे, आणि त्यात ‘राष्ट्रध्वज’ म्हणजे नुसतं कापड नाही. कोणत्याही पदार्थावर काढलेलं किंवा कोणत्याही पदार्थाचं केलेलं ध्वजाचं चित्र, प्रतिकृती, अगदी त्याचा एखादा भागसुद्धा त्यात येतो. म्हणजे तुमच्या पाइनच्या फळ्याही आल्या. लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळणं, विद्रूप करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता डोळ्यांसमोर आणा : संध्याकाळची वेळ, पार्किंगमध्ये तुम्ही रंगवलेल्या तिरंग्यावर टॉर्च मारताय आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शूटिंग करतंय. तुमचा हेतू कितीही चांगला असो, ते शूटिंग तुमचा हेतू सांगणार नाही.

२००२ च्या ध्वजसंहितेत आणखी तीन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. फाटका, खराब झालेला ध्वज लावायचा नाही. ध्वजावर कसलीही अक्षरं नकोत, म्हणजे सोसायटीचं नाव त्यावर कोरायचं नाही. आणि ध्वज शोभेची झालर म्हणून वापरायचा नाही. त्यामुळे गेट विसरा. नाशिकच्या ऑगस्टमध्ये गेटवरच्या लाकडाचं काय होतं, ते तुमच्या गेटच्या खांबावरची पत्रपेटीच सांगेल. रंग पोपडे धरणार आणि खराब ध्वज लावल्याचं पाप तुमच्या माथी. सोसायटीच्या हॉलमध्ये, कोरड्या भिंतीवर, एकटा लावा. आडवा असेल तर केशरी वर. जागेअभावी उभा लावलात तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे. हे नव्वद टक्के लोक उलटं करतात. (टक्केवारी माझ्या रागाची आहे, मोजलेली नाही.) १५ ऑगस्टला फडकवायला कापडाचाच आणा. खादीचा तिरंगा आपल्या नांदेडला तयार होतो.

मग तुमच्या टॉर्चचं काय? ती वापरायची, पण चौकटीवर. मागची पाटी आणि भोवतीची चौकट काळी, जळकी, गाठीगाठींची करा. आतला तिरंगा मात्र स्वच्छ, सरळ कडांचा. मी केला तेव्हा काळ्या चौकटीत ते तीन रंग असे उठून आले की आमच्या वाचनालयातले आजोबा चष्मा पुसून परत बघायला आले.

आता मापं. लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२. ध्वजसंहितेतल्या मापांपैकी घरगुती कामाला सोयीचं माप ९०० × ६०० मिलिमीटर, त्यात चक्राचा व्यास १८५. त्याहून लहान हवा तर ४५० × ३००, चक्र ९०. पण पॅलेटची फळी काही संहिता वाचून आलेली नसते. माझ्या हाती बहुतेक वेळा साधारण १०० मिलिमीटर रुंदीच्या फळ्या येतात, कडा साफ केल्यावर ९५ राहतात. म्हणून लांबी आधी कापू नका. फळ्या शेजारी लावा, एकूण उंची मोजा, तिची दीडपट लांबी धरा. सहा फळ्या ९५ च्या म्हणजे ५७० उंची, तर लांबी ८५५ आणि चक्र साधारण १७५. प्रमाण बिघडलेला तिरंगा लांबूनही खटकतो, का खटकतो ते मात्र सांगता येत नाही.

पण थांबा, सहा फळ्यांचा करू नका. हे मी स्वतः खाल्लेल्या मारावरून सांगतो. माझा पहिला लाकडी तिरंगा सहा फळ्यांचा होता, प्रत्येक पट्ट्याला दोन. सोपा हिशेब वाटला. पांढऱ्या पट्ट्याच्या दोन फळ्यांचा सांधा बरोब्बर मधोमध येतो आणि चक्राचा आसही मधोमधच. पावसाळ्यात केला तेव्हा सांधा नखालाही लागत नव्हता. डिसेंबरात निफाडचा पारा खाली जायला लागला, हवा कोरडी झाली, आणि होळीपर्यंत चक्राचे आडवे दोन तुकडे झालेले होते. फट एवढी की पोस्टकार्ड सरकावं. मी २९ वर्षं सातपूरच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा, होतो. ओतीव लोखंड थंड होताना फुटाला अष्टमांश इंच आकसतं म्हणून आमच्याकडे फुटपट्टीच वेगळी असायची, तेवढी जास्तीची. लोखंडाचं आकसणं जपणाऱ्या माणसाने लाकडाचं विसरावं! लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पाइनच्या १०० मिलिमीटर रुंद फळीत पावसाळा ते उन्हाळा दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

म्हणून प्रत्येक पट्ट्याला एक फळी घ्या, नाही तर तीन. तीन घेतल्या तर मधली फळी चक्राचा आस आपल्या पोटात घेते, सांधे आसाच्या वर-खाली जातात आणि फट पडलीच तरी चक्राचं केंद्र शाबूत राहतं. तुमच्यासारख्या नवख्याला एकेक फळीचाच लहान तिरंगा बरा. तीन फळ्या, ९५ ची एक, म्हणजे उंची २८५, लांबी ४२८. चक्र ८५ च्या आसपास.

फळ्या मागून दोन उभ्या पट्ट्यांवर बसवायच्या. इथे फेव्हिकॉलचा मोह टाळा. मागच्या पट्टीला प्रत्येक फळी फक्त स्क्रूने धरायची. फळीच्या मधल्या स्क्रूचं भोक घट्ट, कडेच्या स्क्रूंची भोकं पट्टीत लांबट करायची आणि वॉशर घालायचा. ड्रिल दोनदा शेजारीशेजारी मारून मधलं काढलं की लांबट भोक झालं. फळी फुगली-आकसली तर स्क्रू त्या भोकात सरकतो, फळी फाटत नाही.

चक्र. चोवीस आरे, दोन आऱ्यांमध्ये १५ अंश. कोनमापक लागत नाही, शाळेतला कंपास पुरे. वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर पावलं टाकत जा. सहा पावलांत जिथून निघालात तिथेच परत येता. ते ६० अंशाचे सहा भाग. प्रत्येकाचे दोन केले की बारा, बाराचे दोन केले की चोवीस. पेन्सिल बारीक हवी. एचबीने काढलेल्या चोवीस रेघा मध्यावर जाऊन चिखल होतात, मी एचची टोकदार वापरतो. हे कार्डशीटवर काढून धारदार ब्लेडने कापा, त्याचा छाप ठेवून गर्द निळा रंग स्पंजने टिपत लावा. ब्रशने लावला तर कार्डखाली झिरपतो. मला कोरून करायचं होतं. सतराव्या आऱ्याला पटाशी रेषेबरोबर घसरली आणि फळी गेली. तेव्हापासून छापच.

पांढऱ्या पट्ट्याला गाठ नसलेली फळी निवडा. पाइनच्या गाठीत राळ असते. दोन हात पांढरा मारलात तरी महिन्याभरात गाठीच्या जागी पिवळा डाग वर येतो आणि तिसऱ्या हातानेही जात नाही. गाठीची फळी नाइलाजाने घ्यावीच लागली तर आधी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून गाठीवर दोनदा लावा, वाळू द्या, मग पांढरा. बाकी दोन पट्ट्यांत गाठी असल्या तर असू देत, पण लाख तिथेही लावाच. आणि तो रंग केशरी. डबा दुकानदाराच्या बोलण्यावर घेऊ नका, झाकण उघडून फळीच्या तुकड्यावर लावून बघा. वाळल्यावर नारिंगी होणारे केशरी रंग मी तीन वेळा घरी आणलेत.

आता तुमचे चार पॅलेट. ताडपत्री आधी काढा. ओल्या लाकडावर ताडपत्री म्हणजे इडलीपात्र. मग बाजूच्या ठोकळ्यांवर भाजलेला शिक्का शोधा. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’. एचटी म्हणजे कीड मारायला लाकूड तापवलंय, आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, ३० मिनिटं. ते बिनघोर घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेलं. ते जाळायचंही नाही, घासायचंही नाही. शिक्का नसलेलं पॅलेट इथलंच असेल. त्यावर तेलाचे किंवा केमिकलचे डाग असतील आणि वास येत असेल तर परत भंगारात. अंबडमध्ये पॅलेटवर काय काय सांडतं ते मी पाहिलंय.

फळ्या सुट्या करताना पहारीने उचकटू नका. त्या खिळ्यांना आटे असतात, खिळा जागेवर राहतो आणि फळी चिरते. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हेक्सॉ ब्लेड घालून खिळा कापा. डोकं फळीतच राहतं, ते चौकटीवर छान दिसतं. मात्र खिळा राहिलेल्या फळीवरून रंधा चालवायचा नाही. पात्याला एक दाता पडला की अर्धा तास धार.

जाळणं. चौकटीच्या फळ्या रंगाआधी, उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली. वाळत घातलेले कपडे आणि दुचाकी लांब. टॉर्च वीतभर अंतरावर ठेवून हलवत राहा. मऊ रेषा लवकर जळते, कडक रेषा मागे राहते. गार झाल्यावर तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासलं की काजळी आणि मऊ भाग निघून जातो आणि फळीवर शेतातल्या सऱ्यांसारखे उंचवटे राहतात. हात फिरवून बघा, या सगळ्या खटाटोपातलं माझं आवडतं तेच आहे. मास्क लावा, काजळी दोन दिवस नाकातून निघते. वरून बिनरंगी मेणाचं किंवा साधं पॉलिश, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याचे शर्ट काळे होतील.

आणि हे १५ ऑगस्टला होणार नाही. जुलैतलं पॅलेट भिजलेलं असतं. फळ्या घरात, मध्ये पट्ट्या घालून, पंख्याखाली रचून ठेवा आणि गणपती, दसरा, दिवाळी सगळं होऊ द्या. नोव्हेंबरात कापायला घ्या, २६ जानेवारीला लावा. सोसायटीचं नाव कोरायचंच असेल तर वेगळ्या पाटीवर, दाराशी.

प्रश्न : आमचा तिवंध्याजवळचा वाडा गेल्या वर्षी उतरवला. त्यातली सागवानाची एक तुळई मी ठेवून घेतली. सासरे निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जायचे, त्यांच्या आठवणीत त्या लाकडाची एक पताका करून देवघराशेजारी लावायची आहे. लाकूड काळपट दिसावं म्हणून व्हिनेगरमध्ये भांड्यांचा स्क्रबर आठ दिवस बुडवून ठेवला. पाणी तसंच स्वच्छ, लाकडाला काही झालं नाही. काय चुकलं? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, चुकला तो स्क्रबर. तो स्टेनलेस स्टीलचा आहे, गंजत नाही हेच त्याचं मोठेपण. या कामाला गंजणारं लोखंड लागतं. साधे जुने खिळे किंवा चुका तेल धुऊन टाका, आठवडाभरात पाणी तपकिरी-राखाडी होईल. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. काळेपणा लाकडातल्या टॅनिनमुळे येतो. ज्या लाकडात ते कमी, उदाहरणार्थ पाइन, त्याला आधी कडक कोरा चहा फासतात. सागाला ते थोडं तरी असतंच.

पण मी म्हणतो, काळं कशाला करता? वाड्याच्या तुळईचं सागवान, त्याला म्हातारं करायची गरज उरलीय का? उलट आहे ते जपा. तुळईच्या अंगावर वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, खुणा असतील, उथळ, शिंपल्यासारख्या. ती बाजू पुढे ठेवा आणि त्यावर रंधा मारू देऊ नका. सुतार हौसेने गुळगुळीत करून देतो आणि शाबासकी मागतो. त्याला आधीच सांगा. कापायच्या आधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा, जुन्या वाड्यात खिळे कुठेही निघतात. सागाच्या भुशाने नाक आणि कातडी खाजते, तेव्हा तोंडाला रुमाल.

पताकेची दोन टोकं कापताना लाकडाची रेषा आडवी, म्हणजे काठीकडून टोकाकडे धावणारी हवी. रेषा उभी ठेवलीत तर टोक पहिल्याच धक्क्याला बिस्किटासारखं तुटेल. खाच आधी करवतीने, मग मध्याच्या कोपऱ्यात पटाशीने, दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी.

रंगाला ऑइलपेंट नको. वारकऱ्यांची पताका कावेच्या रंगाची, तर कावच वापरा. पूजा-सामानाच्या किंवा रंगाच्या दुकानात काव, गेरू मिळतो. वस्त्रगाळ करा, उकळलेल्या अळशीच्या तेलात पातळ कालवा आणि सुती फडक्याने चोळा. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. रंग रेषांत बसतो, लाकूड खालून दिसत राहतं. दुसऱ्या दिवशी फिकं वाटलं तर आणखी एक हात. पुढे वर्षानुवर्षं उदबत्तीचा धूर लागून ती आणखी गडद होईल. इथे झिजलेपण शोभतं. तुमच्या सासऱ्यांच्या खांद्यावरची पताका काही इस्त्रीची नसणार.

एक गोष्ट अगदी न विसरता : तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग कचऱ्यात.

प्रश्न : मुलगी-जावई न्यू जर्सीत असतात. जावयांना त्यांच्या देशाचा लाकडी झेंडा भेट द्यायचा आहे. पट्ट्या किती, मापं काय? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पट्ट्या १३. वरून लाल, मग पांढरी, असं करत सात लाल आणि सहा पांढऱ्या. ३० मिलिमीटरच्या पट्ट्या घेतल्या तर उंची ३९०, लांबी तिच्या १.९ पट, म्हणजे ७४१. निळा चौकोन डावीकडे वरच्या सात पट्ट्यांच्या उंचीचा, म्हणजे २१०, आणि रुंदी २९६. चांदण्या ५०, नऊ ओळींत, सहा-पाच-सहा-पाच अशा. प्रत्येक चांदणी २४ मिलिमीटरची.

जळक्या कडा, उडालेला रंग, सगळं चालेल. तिकडे तीच पद्धत आहे आणि जावई खूश होतील. चांदण्या कोरायला मात्र बसू नका. २४ मिलिमीटरची पाच टोकांची चांदणी पटाशीने काढायला मला पाऊण तास लागतो, आणि माझा हात बसलेला आहे. पन्नासचा हिशेब तुम्हीच करा. कार्डशीटचा छाप कापा आणि स्पंज घ्या, वर पाथर्डी फाट्याच्या वाचकांना सांगितलाय तसाच.